स्टॅन्टनकडे मी उशिरा वळलो

वकिलीची सनद घेऊन मला चाळीस वर्षे होत आली. लिंकनवरचे मिळेल ते वाचत आलो. त्याच्या युद्धमंत्र्याचे, एडविन स्टॅन्टनचे, चरित्र मात्र मी अगदी अलीकडे हातात घेतले.

१. एका प्रसंगावरून मी हा माणूस निकालात काढला होता. १८५५ साली सिनसिनाटीत कापणीयंत्राच्या पेटंटचा मोठा दावा चालला. मॅककॉर्मिक वादी, मॅनी प्रतिवादी. मॅनीच्या बाजूने लिंकन पूर्ण तयारी करून आला होता. त्याच बाजूच्या स्टॅन्टनने त्याला बोलू दिले नाही, जेवायलाही सोबत घेतले नाही. वाचून माझा संताप झाला. लिंकन मात्र आठवडाभर कोर्टात बसून स्टॅन्टनचा युक्तिवाद ऐकत राहिला आणि १८६२ च्या जानेवारीत त्याने याच माणसाच्या हाती युद्धखाते दिले. इतकी वर्षे मी फक्त अपमानच जपून ठेवला होता.

२. तापट माणसाच्या घरात काय होऊन गेले आहे, हे बाहेरच्याला दिसत नाही. ओहायोतल्या स्टुबेनव्हिलचा हा मुलगा. डॉक्टर वडील लवकर गेले, तेराव्या वर्षी पुस्तकांच्या दुकानात कामाला लागला, पैशाअभावी कॉलेज अर्धवट सुटले. १८४१ मध्ये मुलगी लूसी गेली, १८४४ मध्ये पत्नी मेरी. मेरीला पुरताना तिचा पोशाख लग्नातल्यासारखाच दिसावा म्हणून त्याने तो पुन्हा पुन्हा दुरुस्त करून घेतला. दोन वर्षांनी भावाने आत्महत्या केली. आई कशी होती हे लहानग्याला पुढे कळावे, म्हणून स्टॅन्टनने आपल्या मुलासाठी एक दीर्घ पत्र लिहून ठेवले.

माझी पत्नी गेली त्या वर्षी मी अशिलांवर वसकन ओरडत असे. कुणी मनाला लावून घेतले नाही. कारकून मुकाट्याने चहा आणून ठेवी. मला मिळालेली ही माया मी स्टॅन्टनला कधीच दिली नव्हती.

३. काही माणसांचे प्रेम कामातूनच कळते. यादवी युद्धात, १८६३ च्या सप्टेंबरात, चॅटनूगाजवळ उत्तरेचे सैन्य अडकले, तेव्हा स्टॅन्टनने सुमारे वीस हजार सैनिक व्हर्जिनियाहून रेल्वेने दोन आठवड्यांच्या आत तिकडे पोचवले. लिंकनला गोळी लागली त्या रात्री, नाट्यगृहासमोरच्या घरात, शेजारच्या खोलीत बसून तो साक्षी नोंदवत होता, तारा पाठवत होता. सरकार त्या रात्री तिथून चालले. पहाटेपर्यंत त्याने स्वतःला आवरून धरले.

४. कायदा जाणणाराही कायद्याच्या कचाट्यात सापडतो. हा मुद्दा मला अजून सुटलेला नाही. सिनेटच्या संमतीशिवाय मंत्र्याला काढता येऊ नये, असा कायदा १८६७ मध्ये झाला. राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने त्यावर नकाराधिकार वापरला तेव्हा हा कायदा घटनाबाह्य आहे, असेच स्टॅन्टनचेही मत होते. नकाराचा मसुदा करायला त्याने हातभारही लावला. पुढच्या वर्षी जॉन्सनने त्याला बडतर्फ केले, तेव्हा त्याच कायद्याच्या आधारावर तो कचेरीतच ठाण मांडून बसला. तिथेच झोपे. मुक्त झालेल्या गुलामांचे संरक्षण सैन्यावर अवलंबून आहे आणि आपण उठलो तर तेही जाईल, असे त्याला वाटत होते. मी न्यायाधीश असतो तर त्याच्या बाजूने निकाल देऊ शकलो असतो का, याचे उत्तर मला देता येत नाही. पण तो खुर्चीच्या लोभाने बसला होता, असे आता मी म्हणणार नाही. या बडतर्फीवरून जॉन्सनवर चाललेला महाभियोग एका मताने फसला आणि स्टॅन्टन उठून घरी गेला.

५. हवे ते मिळण्याची वेळ आपल्या हातात नसते. लहानपणापासूनचा दमा शेवटी बळावला होता. नवा राष्ट्राध्यक्ष ग्रँट याने त्याचे नाव सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवले आणि २० डिसेंबर १८६९ ला सिनेटने ते मंजूर केले. २४ तारखेला पहाटे तो गेला. शपथ घ्यायची राहूनच गेली.