जुन्या मोटारीची दुरुस्ती व विक्री : एक व्यापारी अनुभव

धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याने मोटारीवर लेख लिहावा, याचे कित्येक बंधूंना नवल वाटेल. परंतु चलथाण येथील आमच्या वखारीत अठरा वर्षे उभी असलेली एक फियाट आम्ही दुरुस्त करवून विकली. त्या खटाटोपात जे शिकावे लागले, ते आधी ठाऊक असते तर पैसा व मनस्ताप दोन्ही वाचले असते. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अशी एखादी गाडी ताडपत्रीखाली असेल, म्हणून हा अनुभव सादर करीत आहोत.

गाडी १९६६ सालची, फियाट ११०० 'डिलाइट'. ही मोटार मुंबईत कुर्ल्यास प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात होत असे. तो उद्योग १९४४ साली उभारला सोलापूरच्या शेठ वालचंद हिराचंदांनी, म्हणजे आपल्याच समाजातील एका व्यापारी घराण्यातील गृहस्थांनी. प्रारंभी तेथे अमेरिकन गाड्या जोडल्या जात. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला. १९५४ साली ११०० आली, जिला लोक 'डुक्कर फियाट' म्हणत. शेठजी १९५३ मध्येच निवर्तले होते, त्यांना ती पाहावयास मिळाली नाही. १९६४ साली डिलाइट निघाली, आणि तीच पुढे थोड्याफार फरकाने 'पद्मिनी' या नावाने शतकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतील शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.

त्या काळी मोटारींच्या विक्रीवर व वाटपावर सरकारी नियंत्रण असे आणि नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लागत नसे. म्हणून आमच्या तीर्थरूपांनी १९७१ साली धुळ्याच्या एका गृहस्थांकडून ही जुनीच घेतली. ताप्ती व्हॅलीच्या रेल्वेने खानदेशातून इकडे आलेल्या आमच्या कुटुंबातील ती पहिली मोटार. तीर्थरूप २०१९ साली वारले. वखारीची जागा लागत होती, तेव्हा गाडी विकावी असे आम्हां तिघा बंधूंचे ठरले.

भंगारवाल्याने वजनावर भाव सांगितला. तो ऐकून मातोश्री दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. तेव्हा आधी दुरुस्ती, मग विक्री, असा क्रम ठरला.

पहिली गोष्ट अशी की, दीर्घकाळ उभ्या असलेल्या गाडीला बॅटरी जोडून एकदम चालू करावयाची नाही. आतील पिस्टन जागीच धरलेले असतात. प्लग काढून त्या भोकांतून तेल सोडावे, काही दिवस मुरू द्यावे, आणि मग हँडल घालून हातानेच इंजिन हळूहळू फिरवून पाहावे. टाकीतील जुने पेट्रोल डिंकासारखे झालेले असते. टाकी उतरवून धुतल्याखेरीज उपाय नाही. रबरी नळ्या तर सर्वच बदलाव्यात, कारण हल्लीच्या इथेनॉल-मिश्रित पेट्रोलात जुने रबर टिकत नाही.

आमच्या गाडीस एक विशेष रोग निघाला, आणि तो आम्हां धान्यवाल्यांनीच दिलेला होता. वखारीत कीड मारण्यासाठी आपण अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतो. त्यांतून निघणारा फॉस्फीन वायू तांब्यास खातो, दमट हवेत अधिकच. गव्हाला त्याचा उपयोग झाला, पण गाडीच्या तारा, डायनामो व दिव्यांची जोडणी काळी पडून निकामी झाली. मिस्त्री उंदरांना दोष देत होता. उंदीरही होतेच म्हणा. ज्यांची मोटार वखारीत असेल त्यांनी गोळ्या घालण्यापूर्वी ती बाहेर काढावी.

दुसरे प्रकरण पत्र्याचे. या फियाटला वेगळी चेसिस नाही. तळाचा पत्रा व दारांखालील पेट्या हीच तिची हाडे. रंग चकचकीत आहे आणि हाडे गंजलेली आहेत, अशा गाड्या बाजारात पुष्कळ. आमच्या गाडीचा डावीकडील तळ हाताने दाबताच फुटला. तो कापून त्याच जाडीचा पत्रा जोडून घेतला. लांबी भरून रंग मारला असता तर खर्च चौथाईवर आला असता आणि ग्राहकाला ते दिसलेही नसते.

एका कारखान्यात आमच्या गैरहजेरीत पुढची मूळ जाळी भंगारात टाकून पद्मिनीची नवी बसविण्यात आली. नवी म्हणजे चांगली, असा त्या कारागिराचा प्रामाणिक समज! पद्मिनी इतकी वर्षे बनली, त्यामुळे यंत्राचे भाग आजही मिळतात. परंतु डिलाइटची जाळी व बाहेरची चकाकी यांस दुर्मिळतेचा भाव आहे. ती जाळी कुर्ल्याच्या जुन्या बाजारात चार महिन्यांनी सापडली. तेव्हापासून उतरविलेल्या प्रत्येक भागास आम्ही चिठ्ठी बांधून तो पोत्यात भरू लागलो.

आता कागदपत्रे. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ घडण न बदललेल्या गाडीस २०२१ च्या नियमांप्रमाणे 'व्हिंटेज' नोंदणी मिळू शकते. नव्या नोंदणीस २०,००० रुपये, पुन्हा नोंदणीस ५,०००, मुदत दहा वर्षे. मात्र अशी गाडी रोजच्या वापरास चालत नाही. प्रदर्शने, फेऱ्या, देखभाल एवढ्यापुरतीच. विक्री झाल्यास नव्वद दिवसांत दोन्ही पक्षांनी आपापल्या राज्याच्या परिवहन खात्यास कळवावे लागते. हे टाळू नये. नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताची भरपाई त्याच्याच माथी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. पेढीच्या वहीत घसारा न घेतलेली, स्वतःच्या वापराची मोटार आयकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ता नव्हे, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

पुण्याचे एक हौशी गृहस्थ पाहावयास आले. त्यांनी इंजिनाचा नंबर ताडून पाहिला, खाली निजून तळ पाहिला, आणि मीटरकडे बघून प्रसन्न झाले. मीटरवर चौतीस हजार किलोमीटर होते. "इतकी कमी चाललेली डिलाइट मी पाहिली नाही," असे म्हणून त्यांनी आम्ही योजलेल्या रकमेहून अधिक आकडा उच्चारला.

मीटरला पाचच घरे. तीर्थरूपांच्या पेट्रोलच्या चोपडीत १९८७ च्या पानावर त्यांच्याच हातची नोंद होती की मीटर आज पुन्हा शून्यावर आले. गाडी एक लाख चौतीस हजार चाललेली होती.

आम्ही काही खोटे बोललो नव्हतो. आकडा गाडीनेच दाखविला होता. धाकटे बंधू आमच्याकडे पाहात होते. परंतु नव्या तुरीत जुनी मिसळून वरचा थर दाखविणे व हे, यांत आम्हांस फरक करता येईना. आपल्या शास्त्रकारांनी 'प्रतिरूपक व्यवहार' अचौर्य व्रताच्या अतिचारांत घातला आहे, तो ग्राहकाने विचारले नाही म्हणून सुटत नाही. चोपडी आणून पान उघडून दाखविले, आणि जोडलेला तळ व कुर्ल्याची जाळी यांची पावतीही. त्या गृहस्थांनी बराच वेळ विचार केला व पंचेचाळीस हजार कमी केले. व्यवहार त्याच आकड्यास झाला. आमच्या एकूण खर्चाच्या वर फारसे काही उरले नाही, आणि बंधूंनी आठवडाभर आमच्याशी कामापुरतेच भाषण ठेवले.

चोपडी मात्र त्यांनी मागून घेतली. सौदा झाल्यावर मातोश्रींना मागच्या बैठकीवर बसवून साखर कारखान्यापर्यंत एक फेरी मारली, आणि दुसरे दिवशी गाडी ट्रकवर चढली. पंधरवड्याने वखार आवरताना गव्हाच्या पोत्यांमागे तिचा मूळ जॅक सापडला. तो पुसून, तेल लावून, पुण्यास पार्सलने पाठवून दिला.