सव्वादोन मिलिमीटरचे ३७ हजार

सप्टेंबर २०२५मध्ये ॲपलचा आयफोन एअर आला. जाडी ५.६ मिलिमीटर, किंमत १,१९,९०० रुपये. त्याच्या जोडीला आलेला साधा आयफोन १७ जाडीला ७.९५ मिलिमीटर आणि किमतीला ८२,९००. साठवण दोन्हींत २५६ जीबी. एअरचा प्रोसेसर वरचा, चौकट टायटॅनियमची, पडदा थोडा मोठा, हे खरं. पण मागचा एक कॅमेरा कमी होतो आणि खिशातून ३७ हजार जास्त जातात. सॅमसंगचा हिशेब आणखी स्पष्ट आहे. एस२५ प्लस ७.३ मिलिमीटर, ९९,९९९ रुपये, बॅटरी ४,९०० एमएएच. एस२५ एज ५.८ मिलिमीटर, १,०९,९९९ रुपये, बॅटरी ३,९००. दहा हजार जास्त देऊन हजार एमएएच कमी घ्यायचे. वर झूमचा वेगळा कॅमेराही जातो. (या सगळ्या किमती फोन बाजारात आले तेव्हाच्या, आज दुकानात विचारून घ्या.)

हे असं का होतं? पडद्याची काच, पाठ आणि चौकट एका मर्यादेपलीकडे पातळ करता येत नाहीत. त्यामुळे जाडीतली बहुतेक कपात बॅटरीच्या वाट्याला येते. कॅमेऱ्याला भिंग आणि सेन्सर यांच्यामध्ये अंतर लागतंच, म्हणून पाठीवर फुगवटा राहतो. जाहिरातीतल्या जाडीत तो मोजलेला नसतो.

आता हा फोन जालन्यात आणून बघा. खरिपात ई-पीक पाहणी करायची तर बांधावर उभं राहून जीपीएस चालू ठेवायचं आणि पिकाचा फोटो काढायचा. डोक्यावर ऊन असतं, म्हणून पडद्याचा उजेड पूर्ण वाढवावा लागतो. रेंज कमी असली की फोन टॉवर शोधत राहतो आणि त्यातही बॅटरी उतरते. स्वतःची नोंद झाली की शेजारचा म्हणतो, माझीही करून दे. घरी यावं तर लाइट गेलेली. घनसावंगी किंवा मंठ्याकडच्या माणसासाठी हा नेहमीचा दिवस आहे. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि ॲपल स्वतःच आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला सांगतं. उष्णतेने बॅटरीचं आयुष्य घटतं. मुळातच लहान असलेल्या बॅटरीला ती घट लवकर जाणवते.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते सिमचं. आयफोन एअरमध्ये सिमचा ट्रेच नाही, फक्त ई-सिम चालतं. फोन पाण्यात पडला किंवा पडदा फुटला, तर सिम काढून घरातल्या जुन्या फोनमध्ये टाकायची सोय उरत नाही. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो, हे लक्षात असू द्या.

पातळ फोनची एक बाजू मात्र मी मनापासून मान्य करतो: वजन. एस२५ प्लस १९० ग्रॅमचा, तर एज १६३ ग्रॅमचा. आईवडिलांच्या दुखऱ्या मनगटाला हे २७ ग्रॅम कळतात. म्हणून दुकानात जाडीपेक्षा वजन विचारा आणि फोन पाच मिनिटं हातात धरून बघा. तोही कव्हर घालून, कारण कव्हर चढलं की जाडीतला बराचसा फरक संपतो.

पातळ हवाच असेल तर लाख रुपये घालवायची गरज नाही. टेक्नो पोवा स्लिम ५.९५ मिलिमीटरचा आहे, बॅटरी ५,१६० एमएएच, आणि सप्टेंबर २०२५मध्ये तो १९,९९९ रुपयांना आला. प्रोसेसर साधा आहे, तेवढं धरून चला. माझा कौल मात्र वेगळा आहे. २०२५च्या एप्रिलमध्ये २१,९९९ रुपयांपासून आलेला विवो टी४ घ्या. ७,३०० एमएएच बॅटरी असूनही त्याची जाडी ७.८९ मिलिमीटर, म्हणजे आयफोन १७पेक्षा किंचित कमीच. सिलिकॉन-कार्बन प्रकारची बॅटरी तेवढ्याच जागेत जास्त वीज साठवते, म्हणून हे जमतं. वजन १९९ ग्रॅम आहे, ते सोसावं लागेल.

पैसे देण्याआधी दुकानदाराला दोन गोष्टी विचारा. या मॉडेलचा पडदा आणि बॅटरी बदलायला किती खर्च येतो? आणि ते काम जालन्यातच होतं, की साठ किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरला जावं लागतं? जाण्यायेण्याचं भाडं आणि बुडालेला दिवस फोनच्या किमतीतच धरा.

बिल पक्कंच घ्या. किमतीत १८ टक्के जीएसटी आलेलाच असतो. १,१९,९००मध्ये तो सुमारे १८,२९० रुपये होतो. *#०६# दाबून दिसणारा आयएमईआय बिलावरच्या आकड्याशी जुळवा. तक्रार असेल तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. तिथे भागलं नाही तर जालन्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही.