बाणाचा हात कां होतो?

संगणकाच्या पडद्यावर माउसाबरोबर फिरणारा बाण, म्हणजे कर्सर, तुमच्या परिचयाचा आहे. डग्लस एंगेलबार्ट ह्या अमेरिकन संशोधकानें ९ डिसेंबर १९६८ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथील सभेंत माउस लोकांसमोर चालवून दाखविला. हा बाण मजकुरावर उभी रेघ होतो, तर कांहीं ठिकाणीं हात होतो. त्यामागें कोणीतरी लिहिलेली आज्ञा असते. ती कशी लिहावी, हें आज पाहूं.

समजा, आपण पायथन भाषेंत कृष्णा नदीचा नकाशा काढला. महाबळेश्वरचा उगम, कऱ्हाडचा कोयनासंगम व सांगलीजवळील हरिपूरचा वारणासंगम असे तीन ठिपके त्यांत आहेत. ठिपक्यावर क्लिक करतांच त्या स्थळाची माहिती उघडते. परंतु क्लिक कोठें करावयाचें, हें पाहणारास कळावें कसें? त्यासाठीं ठिपक्यावर बाणाचा हात करावयाचा.

पायथनच्या टीकिंटर ह्या साधनांत प्रत्येक बटणास ‘कर्सर’ नांवाचा गुण असतो. त्यास ‘हँड२’ ही किंमत दिली कीं पुढील काम तें साधनच करतें. आपला नकाशा मात्र एकच कॅनव्हास आहे. ठिपके त्यावर नुसते रेखाटलेले आहेत. सबंध कॅनव्हासला हात दिला, तर मोकळ्या डोंगरावरहि हात दिसेल! म्हणून प्रत्येक ठिपक्यास दोन घटना जोडाव्या. ‘एंटर’ म्हणजे बाण आंत आला. तेव्हां कॅनव्हासचा कर्सर ‘हँड२’ करावा. ‘लीव्ह’ म्हणजे बाण बाहेर गेला. तेव्हां ती किंमत रिकामी करावी. दुसरी घटना राहून गेली, तर हात तसाच राहतो. शिवाय बाणाचें केवळ टोंक मोजलें जातें; यास्तव ठिपका फार बारीक नसावा.

हात दाखविणें म्हणजे ‘येथें कांहीं मिळेल’ असें वचन देणें होय. दोनदां रित्या जागीं हात दिसला, तर पाहणारा खऱ्या हातावरहि विश्वास ठेवीत नाहीं.

आणखी एक गोष्ट ध्यानांत धरावी. बोटानें चालणाऱ्या मोबाइलवर हा बाण नसतो, म्हणून हातहि दिसत नाहीं. आपल्या घरांतील वडील मंडळी पुष्कळदां मोबाइलच वापरतात. त्यांच्यासाठीं ठिपक्यास उठून दिसणारा रंग द्यावा व शेजारीं स्थळाचें नांव लिहावें. हात हा सोबती आहे. वाट मात्र त्याच्यावांचूनहि दिसली पाहिजे.