गाडी कामाची की मिरवायची?

पूर्वी आपल्या कर्जत-खालापूर भागात बैलगाड्या असत. त्या दोन तऱ्हेच्या. भाताच्या गोणी, पेंढा, लाकूड न्यायला खटारा. पाहुण्यांना आणायला, जत्रेला जायला दमणी. दमणी हलकी नि देखणी. पण दमणीत कोणी भात भरीत नसे. कोणती गाडी कशासाठी, हे सर्वांना ठाऊक होते.

आता मोटारींचे दिवस आहेत. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरा झाला. तो खालापूर तालुक्यातून जातो. शहरातले लोक फार्महाऊससाठी इकडे जमिनी घेतात. जमीन विकली की हाती एकदम पैसा येतो. मग घरात मोठ्या गाडीची गोष्ट निघते. अशाच एका घरातले हे बोलणे ऐका.

पुतण्या : काका, मोठी पिकअप घेऊ या. चार दरवाज्यांची. पाच माणसं बसतील, मागं मालही जाईल.

काका : कसला माल रे?

पुतण्या : आपलं भात, भाजी, पेंढा.

काका : पेंढा हलका, पण त्याला जागा लागते. पाच माणसं पुढं बसवलीस, तर मागचा हौदा आखूड होणार. पेंढा कुठं भरशील?

पुतण्या : पण काका, गावात मान राहतो ना!

काका : हां, आता खरं बोललास. हौस करावी, बाबा. पण हौसेला काम म्हणू नये.

काकांचे म्हणणे आपण तपासून पाहू. २००५ साली टाटांची एस ही लहान गाडी निघाली. लोक तिला छोटा हत्ती म्हणतात. ती ७५० किलो माल नेई. गोणी ५० किलोची धरली, तर १५ गोणी झाल्या. महिंद्रांच्या बोलेरो पिकअपमध्ये १३०० किलो नेणारी गाडी मिळते. म्हणजे २६ गोणी. २०२२ साली टोयोटा कंपनीने हायलक्स ही चार दरवाज्यांची पिकअप भारतात आणली. तेव्हा तिची किंमत सुमारे ३४ लाख रुपये होती. तिच्या चारही चाकांना जोर मिळतो. चिखलात नि चढावर तो उपयोगी पडतो. पण किंमत वाढली म्हणून गोणी वाढत नाहीत.

अमेरिकेतही असेच झाले. तिथे फोर्ड कंपनीने १९४८ साली एफ नावाच्या पिकअप काढल्या. त्या शेतकऱ्याच्या, कारागिराच्या कामाच्या गाड्या. हौदा मोठा, बसायची जागा लहान. पुढे बसायची जागा वाढली नि हौदा आखूड झाला. आज तिथे पुष्कळ लोक अशा गाडीतून नुसते कचेरीत जातात.

आता हिशेब करू. समजा, गाडीचा हप्ता महिना १५,००० रुपये आहे. वर्षाचे झाले १,८०,०००. भाड्याचा टेम्पो एका खेपेला १,५०० रुपये घेतो. म्हणजे हप्त्याच्या पैशात १२० खेपा होतात. डिझेल, विमा, दुरुस्ती तर वेगळीच. वर्षाला तुमच्या ४० खेपा असतील, तर भाड्याचा टेम्पो बरा. शेजाऱ्यांचा मालही भाड्याने नेणार असाल, तर स्वतःची मालवाहू गाडी परवडेल.

एक गोष्ट विसरू नका. मालाच्या हौद्यात वऱ्हाड बसवू नये. ते कायद्याविरुद्ध आहे. अपघात झाला तर जीव जातो, नि विम्याचे पैसेही अडतात.

आता तुम्हाला वाचता येते. गाडी घेण्याआधी तिचे कागद वाचा किंवा वाचून घ्या. भरलेल्या गाडीचे वजन नि रिकाम्या गाडीचे वजन त्यात दिलेले असते. पहिल्यातून दुसरे वजा करा. उरेल तेवढाच भार ती नेते. विकणारा काहीही सांगो, आकडा खोटे बोलत नाही.

गाडी जुनी होते, तिची किंमत दर वर्षी उतरते. विकलेली जमीन मात्र परत येत नाही. म्हणून आधी खेपा मोजा, मग गाडी निवडा.

प्रश्न
१. खटारा नि दमणी यांत फरक काय?
२. तुमच्या घरचा माल वर्षाला किती खेपा होतो? लिहून काढा.
३. गाडीचा हप्ता महिना १२,००० रुपये असेल, तर वर्षाला किती रुपये होतील?