गावाकडील मोठे घर गटास भाड्याने देताना

गावाकडील जुना वाडा सुट्टीत वीस-पंचवीस जणांच्या गटास राहावयास देणे, हा काही शेतकरी बंधूंचा जोडधंदा झाला आहे. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली जाहीर झाले. त्यानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते.

खोल्या व गाद्या यांचा विचार सर्वच करतात. पाण्याचा हिशेब मात्र राहून जातो. शहरी माणसास रोज सुमारे १३५ लिटर पाणी लागते असे धरतात. म्हणजे वीस जणांस २,७०० लिटर, आणि तेही ऐन वैशाखात! फळबागेचे पाणी तोडणे परवडणारे नाही. तेव्हा विहिरीस झेपेल तेवढ्याच माणसांचा करार लेखी करावा व आगाऊ रकमेची पावती द्यावी.

शेततळे असल्यास विशेष जपावे. आतील प्लास्टिकचा कागद ओला झाला की इतका निसरडा होतो, की पट्टीच्या पोहणाऱ्यासही वर चढणे कठीण जाते. भोवती कुंपण घालावे आणि गाठी मारलेले दोर काठास पक्के बांधून पाण्यात सोडावेत. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही व्यवस्था हंगामापूर्वी स्वतः पाहावी. पाहुणे येताच, सामान उतरण्यापूर्वीच, तेथे पोहण्यास मनाई असल्याचे मुलांसह सर्वांस सांगावे.