घरचा रेडिओ बाहेरगावाहून ऐकायचा तर : कारागिरांसाठी एक धडा

रेडिओ दुरुस्तीवर घर चालविणारे कारागीर पूर्वी हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या बाजारात असत. त्या कामाची मागणी सरली. परंतु ज्याला एरिअल, अर्थिंग आणि ट्यूनिंग ठाऊक आहे, त्याच्यासाठी नवे काम आले आहे. संगणकाच्या मदतीने चालणारा रिसीव्हर (एस.डी.आर.) घरी बसवून इंटरनेटला जोडला की दूरचा माणूसही तो मोबाइलवरून फिरवू शकतो. नेदरलँडमधील ट्वेंटे विद्यापीठाचा असा रिसीव्हर २००८ पासून जगभरचे लोक ऐकत आले आहेत.

समजा, कळमनुरीच्या एका घरातील मुलगा आखातात नोकरीला आहे. गच्चीवरील एरिअलला येणारी स्टेशने त्याला तिकडे ऐकायची आहेत. घरात वाय-फायवर सारे ठीक चालते, बाहेरून मात्र लागत नाही. असे का होते व त्यावर उपाय काय, हे आज पाहू.

कारण काय?
राऊटर घरातील प्रत्येक यंत्राला आतला पत्ता देतो. तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो व घरापुरताच चालतो. बाहेरच्या जगाला फक्त राऊटरचा पत्ता दिसतो. बाहेरून आलेली मागणी आत कोणाकडे द्यायची हे राऊटरला सांगितलेले नसेल, तर तो ती दारातूनच परत पाठवितो.

आधी तपासणी, मग भाव
राऊटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा (वॅन) आय.पी. पत्ता पाहावा. नंतर आपला पत्ता दाखविणाऱ्या एखाद्या वेबसाइटवर तो ताडून पाहावा. दोन्ही एकच असतील तर काम होण्यासारखे आहे. राऊटरचा पत्ता १० ने, किंवा १००.६४ ते १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर कंपनीने एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे असे समजावे. जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटीच. त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला, म्हणून ही वाटणी आली. अशा जोडणीवर राऊटरमध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. तेव्हा हे तपासण्याआधी ग्राहकाकडून पैसे घेऊ नयेत.

कामाचा क्रम
१) रिसीव्हरला आतला पत्ता कायमचा बांधून द्यावा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०. नाही तर वीज जाऊन आल्यावर तो बदलू शकतो.
२) राऊटरमध्ये ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ किंवा ‘व्हर्च्युअल सर्व्हर’ उघडून रिसीव्हरचा पोर्ट त्या पत्त्याकडे वळवावा. ‘किवी एस.डी.आर.’चा पोर्ट ८०७३ असतो.
३) बाहेरचा पत्ताही बदलत असेल, तर ‘डायनॅमिक डी.एन.एस.’ने त्याला एक नाव द्यावे. आकडे बदलले तरी नाव तेच राहते.
४) चाचणी घरच्या वाय-फायवर करू नये. ते बंद करून मोबाइल डेटावर करावी.

पत्ता वाटलेला असेल तर
मार्ग तीन आहेत. कंपनीकडून जादा पैसे भरून स्वतंत्र पत्ता घ्यावा. दोन्ही टोकांना आय.पी.व्ही. ६ मिळत असेल तर ते वापरावे. किंवा रिसीव्हरनेच आतून एखाद्या मध्यस्थ सर्व्हरशी जोडणी करावी व ऐकणाऱ्याने तिथून आत यावे. ‘किवी’ची स्वतःची अशी सोय आहे.

दार उघडले, कुलूप लावले का?
पोर्ट उघडणे म्हणजे घराला रस्त्यावर दार काढणे होय. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या व्हायरसने, कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे, डी.व्ही.आर. व राऊटर ताब्यात घेतले. त्यांच्याच जोरावर त्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडण्यात आल्या. त्या यंत्रांच्या मालकांना याचा पत्ताही नव्हता. म्हणून राऊटर व रिसीव्हर दोन्हींचे पासवर्ड बदलावेत, एकच पोर्ट उघडावा, ‘डी.एम.झेड.’ सुरू करू नये आणि राऊटरचे स्वतःचे पान बाहेरून उघडे ठेवू नये. नवा पासवर्ड ग्राहकाच्या हाती लिहून द्यावा. आपल्याजवळ ठेवू नये.

हीच विद्या मोंढ्यात हळदीच्या आडतीवर बसविलेल्या कॅमेऱ्यांनाही लागू पडते. तेथे तर धोका अधिक, कारण दारामागे तिजोरी आणि माणसे दिसतात.

परक्याच्या घरात परवानगीशिवाय जाऊ नये, अशी ताकीद कुरआनच्या सूरह नूरमध्ये आहे. ग्राहक आपल्याला घराचे दार काढायला सांगतो, तेव्हा ते दार आपल्याकडे अमानत असते. जे होणार नाही ते आधीच सांगणे आणि जे केले ते बंदोबस्ताने करणे, यातच कारागिराची पत आहे व कमाईची बरकतही.