गीतेतील ‘छिन्न’ शब्द

मराठीत ‘छिन्न’ हा शब्द बहुधा शोकाचा आहे. छिन्नविच्छिन्न देह, छिन्न मूर्ती असे प्रयोग ऐकले की काही नष्ट झाले, एवढेच मनात येते. हाच अर्थ धरून गीता वाचू लागलेला वाचक जागोजागी अडखळतो. कारण तेथे छेदला जातो तो पुष्कळदा साधकाचा शत्रू असतो.

‘छिद्’ धातूला ‘क्त’ प्रत्यय लागून हा शब्द सिद्ध होतो. ‘भिद्’चे ‘भिन्न’ होते, त्याच नियमाने हे रूप. धातुपाठात ‘छिद्’चा अर्थ ‘द्वैधीकरण’, म्हणजे एकाचे दोन करणे, असा दिला आहे. आता पाचव्या अध्यायातील (श्लोक २५) ‘छिन्नद्वैध’ हे ऋषींचे विशेषण पाहावे. ज्या धातूचे कार्य दोन करणे, त्यानेच येथे दोनपण छेदले जाते! ‘हे खरे की ते’ अशी बुद्धीची जी दुफळी, तीच येथे तुटते. चौथ्या अध्यायाच्या शेवटी संशय ज्ञानरूपी तलवारीने छेदावयाचा आहे, पंधराव्यात संसारवृक्ष असंगाच्या शस्त्राने. आत्मा तेवढा ‘अच्छेद्य’.

सहाव्या अध्यायात मात्र हा शब्द भयाचा होऊन येतो. श्रद्धा आहे, परंतु प्रयत्न शिथिल पडला आणि मन योगापासून ढळले, अशा साधकाचे काय होते? तो ‘छिन्नाभ्रा’सारखा नाश पावत नाही ना, असे अर्जुन विचारतो (श्लोक ३८). मोठ्या मेघापासून तुटलेला आणि दुसऱ्या मेघास न मिळालेला ढगाचा तुकडा मध्येच विरून जातो, तशी ही अवस्था. येथे ‘कापलेला ढग’ असे भाषांतर करू नये. ‘कापणे’ म्हटले की कापणारा शोधावा लागतो. मूळात तो सांगितलेला नाही. ‘तुटलेला ढग’ हेच बरे. उलट अठराव्यातील ‘छिन्नसंशय’ याचे ‘ज्याचा संशय तुटला’ असे केले तर अर्थ दुबळा होतो. संशय आपोआप तुटत नसतो, तो छेदावा लागतो.

घरातील आजारपण, मुलांची शिक्षणे, नोकरीतील बदली यांमुळे ज्याचे नित्याचे पारायण वर्षानुवर्षे सुटले आहे, त्या गृहस्थाचाच हा प्रश्न आहे. ‘एवढे केले ते वाया गेले’ असे तो म्हणतो, तेव्हा तो स्वतःला छिन्नाभ्रच समजत असतो. पुढच्याच श्लोकात अर्जुन तोच धातू पुन्हा उच्चारतो. माझा हा संशय निःशेष छेदावा, तुमच्यावाचून दुसरा ‘छेत्ता’ मिळणार नाही, अशी त्याची विनवणी आहे. तुटण्याचे भय ज्या धातूने सांगितले, त्यानेच ते भय तोडण्याची याचना केली आहे.

भगवंतांच्या उत्तरात ‘छिन्न’ शब्द नाही. ते अर्जुनाला ‘तात’ म्हणून, म्हणजे ‘बाळा’ अशा मायेने, संबोधितात आणि कल्याण करणाऱ्याला इहलोकी वा परलोकी विनाश नाही, असे सांगतात. अशा साधकाला पुढील जन्मी पूर्वीच्या बुद्धीचा संयोग पुन्हा लाभतो; पूर्वाभ्यासच त्याला, त्याची इच्छा नसली तरी, ओढून नेतो (श्लोक ४३-४४).